आईचं माहेरचं नाव

समस्त आप्तेष्ट आणि वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी पुण्याहून बंगळुरूला एक अख्खा माणूस चोरून नेला.

माणसाचं नाव एझ्रा. माझा शाळेपासूनचा बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मित्र. चोरून, कारण माझ्या लग्नात अक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने, त्याला भर पंगतीतून उठवलं होतं. "आमच्यात चालत नाही." तो भरलं पान सोडून उठला. आता तीस वर्षं बंगळुरूत नांदलेल्या त्याच अक्काच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती. "घराची किल्ली तुझ्याकडे ठेव," एवढंच सांगायला मी एझ्राला फोन केला, तर हा पिशवी घेऊन स्टेशनवर हजर!

तुमकूरनंतर गाडी रेंगाळली. बाहेर नारळाच्या बागा, बोडक्या खडकांच्या टेकड्या. माझा डोळा घड्याळावर. दहाला अक्काला आत नेणार होते.

"तुला तिचा राग नाही येत?" मी विचारलं.

"आमच्या शास्त्रात मोशेची बहीण मिर्याम त्याच्याविरुद्ध बोलली. तिच्या अंगभर कोड फुटलं. मोशेनं तिच्यासाठी देवाला विनवलं. पाच शब्दांत."

"आणि राग?"

"पाच शब्दांत कुठे बसवणार?"

यशवंतपूरला उतरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. रिक्षावाल्याने आमचे देह पाहून उसासा टाकला, "स्वल्प (थोडं) अ‍ॅडजस्ट माडी, अण्णा (दादा)!" आणि भलत्याच रुग्णालयाच्या दारात उतरवलं. तिथून पळत सुटलो. भीती वाटली की मला भूक लागते. वाटेत तट्टे इडली (ताटलीएवढी, मऊसूत) उभ्याउभ्या गिळली. एझ्राचा उपास होता.

अक्काच्या मजल्यावर पाऊल ठेवताच नर्सने बजावलं, "त्यांना त्रास होईल असं बोलू नका. रक्तदाबामुळे ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. आता थांबणं धोक्याचं."

मी एझ्राला खांबामागे दडवलं. तो कुजबुजला, "आईचं नाव सांग. आजाऱ्यासाठी मागताना त्याच्या आईचं नाव घेतात."

"सुमती."

"हे लग्नातलं ना? जन्माचं सांग."

तांदळात नवं नाव लिहून जुनं पुसणारी आमची घरं! आईचं जुनं नाव ठाऊक फक्त अक्काला.

एवढ्यात स्ट्रेचर आलं. "अक्का, आईचं माहेरचं नाव काय गं?"

"आत्ता? कशाला रे?"

मी खांबाकडे पाहिलं. एझ्राच हात जोडून पुढे झाला. "तुमच्यासाठी मागायचंय. नको म्हणालात तर जातो."

अक्काने त्याला ओळखलं. ओठ घट्ट मिटले. नर्स यंत्राकडे बघत होती, मी नर्सकडे. आकडा चढला. आणखी चढला. मग तिथेच थांबला.

"सरी (ठीक)," म्हणत नर्सने स्ट्रेचर ढकललं. अक्काने मान फिरवली होती. एझ्रा दोन पावलं मागे सरला आणि पिशवी उचलू लागला. शस्त्रक्रियागृहाची दारं उघडली, आणि त्या दारातून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा अक्काचा आवाज आला:

"गोदावरी म्हणा, अण्णा! आणि स्वल्प स्पष्ट म्हणा, नाहीतर देव भलतीच्याच लेकीला बरं करील!"