हात पाहिल्याशिवाय बांगडी नाही

खाजा चाचांचा मोबाइल नंबर जगभर वाटला तो मी. त्यांच्या पोरीला, तरन्नुमला, बारावीनंतर गेम बनवायला शिकायचं होतं, आणि नरसीत त्यांच्या बांगड्यांच्या दुकानाला लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. एका वेबसाइटवर लिहिलं होतं, ‘मोफत मार्गदर्शन, फक्त नंबर टाका.’ माझा टाकला तर माझं डोकं उठेल, म्हणून चाचांचा टाकला. एवढी अक्कल मला हिंगोलीच्या शाळेनं दिलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू. ज्या राज्यांतून चाचांनी कधी बांगड्याही मागवल्या नव्हत्या, तिथली कॉलेजं त्यांना ‘सर’ म्हणायला लागली.

फोन करणाऱ्यांना काय माहीत, पलीकडे कोण आहे. खाजा मिया मनियार म्हणजे अमिनाचाचींनी घरातल्या कपाटातून काढून दिलेली नोटही उजेडात धरून पाहणारे. देवळाच्या घंटेवर घड्याळ लावतात आणि मग घंटा बराबर वाजली का म्हणून घड्याळ पाहतात. गिऱ्हाईक बाईनं माप सांगितलं तर ऐकूनच घेत नाहीत. तिचा हात हातात घेऊन, दाबून, मगच बांगडी काढतात. म्हणतात, “हात पाह्यल्याबिगर बांगडी न्हाई. माणूस सोताचं माप कमीच सांगतं.”

फोनवरची पोरगी म्हणायची, “सर, सिर्फ दो सीट बची हैं.”

“बेटा,” चाचा म्हणायचे, “मेरे पास भी तीस साल से ये आखरी डझन है.”

फोन ठेवला की माझ्याकडे वळायचे. “शिवहार, खरं सांग. ह्यांच्याकडून तुला काय भेटून राहिलं?”

“चहापण न्हाई, चाचा.”

“मंग काहून केलं?”

फुकटात चूक करणारा माणूस त्यांच्या हिशेबात बसेना.

तरन्नुमचं मन होतं पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात. तिथल्या कोर्सचं नावच गेम डिझाइन. दुसरा अर्ज नांदेडच्या एका कॉलेजात, साध्या कॉम्प्युटरच्या डिग्रीला. तिथं ती वेटिंगवर. एका दुपारी चाचांनी फोन उचलला, ‘सीट’ हा शब्द ऐकला आणि म्हणाले, “तुमची सीट तुमालाच बसायला ठेवा.” कट.

तरन्नुमनं नंबर पाहिला. “अब्बा, हे नांदेडचं होतं.”

परत लावला तर एंगेज. कॉलेजच्या वेबसाइटवर पाहिलं, तिचा नंबर लागला होता. उद्या संध्याकाळपर्यंत हजर व्हा, नाहीतर जागा पुढच्याला. तरन्नुमनं माझ्याकडे पाहिलं. मला एकदम प्रिंटरमधला कागद नीट करायचं सुचलं.

सकाळी आम्ही तिघं नांदेडच्या गाडीत. चाचा म्हणाले, “फोनात हात दिसत न्हाई. मी येणार.”

कॉलेजात शिरल्यावर चाचांनी आधी नळ सोडून पाहिला. मग एक कॉम्प्युटर चालू करायला लावला. मग एका पोराला गाठलं. “मास्तर येतो का?”

“येतात, पण उशिरा.”

हे चाचांना पटलं. वेळेवर येतात म्हणाला असता तर तिथूनच माघारी फिरले असते.

ऑफिसातल्या मॅडमनी सरळ सांगितलं, “गेमचे दोनच विषय आहेत, तेही तिसऱ्या वर्षी. आधी गणित. बरीच पोरं गणितालाच पळतात.”

चाचांनी मला बाजूला ओढलं. “विकणारी सोताच मालाची खोट दाखवून राहिली. ह्यात काय डाव हाय?”

“नसंल डाव.”

“डाव न्हाई असं दुकान दाखव मला.”

आणि तरन्नुमला म्हणाले, “चल, घरी जाऊन इचार करू.”

“आज शेवटचा दिवस हाय, अब्बा.”

“सगळ्यांचाच शेवटचा अस्तो.”

“काल पुण्याला फोन केला होता मी,” ती म्हणाली. “तिसऱ्या वर्षी काय शिकवता म्हणून इचारलं. तर म्हणे, कॅम्पस लई भारी आहे. ह्या मॅडमनी निदान काय न्हाई ते सांगितलं. हात माझा हाय, अब्बा. बसतं का रुततं, मीच सांगणार.”

चाचांनी प्रवेशाचा कागद मागितला, मागच्या कोऱ्या बाजूसकट वाचला आणि सही केली.

मॅडम म्हणाल्या, “काल ‘सीट तुमालाच बसायला ठेवा’ म्हणाले ते तुम्हीच ना?”

चाचांची नजर त्यांच्या मनगटावर गेली. नुसतं घड्याळ. “माफ करा बाई. एक डझन बांगड्या माझ्याकडून.”

“चालेल. अडीचच्या मापाच्या द्या.”

चाचांचा हात टेबलावर अर्धा गेला आणि मागं आला. ऑफिसात परक्या बाईचा हात कसा दाबणार. “पाठवतो,” म्हणाले.

दिवाळीला तरन्नुम घरी आली. गणिताच्या एका परीक्षेत आपटली होती, दुसरीत पास निघाली होती. म्हणाली, “मॅडम बांगड्यांचं इचारत होत्या.”

“पाठवू की. पण अडीच तर तीच म्हणते. पाह्यलं कोणी?”

“मी पाह्यला हात. अडीचच हाय.”

“तू गणित शिकून राहिली. बाईला म्हणावं, नरसीला या.”

कागदात बांधलेला डझन अजून फळीवर आहे. कोणी मागितला की चाचा म्हणतात, तो इकलाय.