काटक

"हिला काय धाड भरलीय? काटक हाय ती. ह्या लोकांची हाडंच तसली असत्यात."

मालक सोप्यात डॉक्टरांसमोर माझ्याकडं बोट करून हे बोलले. डॉक्टर हसले. मीही हसले, कारण हसायचंच असतं.

डॉक्टर सांगलीहून आले होते, मालकांच्या आईला, आक्कासाहेबांना, बघायला. पलूसजवळच्या त्या घरात आक्कासाहेबांना उचलायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं काम माझ्याकडं होतं. डॉक्टरांनी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितलं. जमलं नाही. आपला हात पुढं करून दाबायला सांगितलं. दाब आला नाही. डॉक्टर म्हणाले, नुसतं वय नव्हे, अंगातली ताकदच ओसरलीय. वजन घटलंय, चाल मंदावलीय. साधा ताप आला तरी अंथरूण धरतील. न्हाणीत धरायला दांडी लावा, रोज अंडं द्या, एकटं सोडू नका.

मी भिंतीला धरून ऐकत होते. सगळं माझंच होतं की. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. कळशी नळावरून घरी आणायची तर वाटेत टेकत टेकत. आणि आक्कासाहेब ह्या घरात नवरी म्हणून आल्या तेव्हा माझी थोरली लेक माझ्या कडेवर होती. म्हणून मी विचारलं होतं, "डॉक्टरसाहेब, माझा बी हात बघता का?" त्यावर मालकांचं ते उत्तर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जसं काही मी त्यांच्या ताटातलंच मागितलं.

काटक. बाळंतपणाची ओल अंगात असताना उसाच्या सरीत उतरले, तेव्हा ऐकलं. ताप अंगावर काढला, तेव्हा ऐकलं. इतकी वर्षं मला ते कौतुक वाटायचं.

पुढच्याच आठवड्यात न्हाणीत आक्कासाहेबांना उठवताना माझे हात सुटले. दोघी पडलो. दांडी अजून बसवली नव्हती. मी होते ना. मालक धावत आले, आईला उचलून आत घेऊन गेले. मी ओल्या फरशीवर तशीच.

"डोळं फुटल्यात का तुझं?" आतून आवाज आला.

भिंत धरत सोप्यात आले. आक्कासाहेबांची हातांची खुर्ची रिकामी होती. त्या घरात त्यांची घाण काढायला माझे हात चालायचे, बसायला मात्र फरशी. मी खुर्चीत बसले.

"ऊठ," मालक बाहेर येऊन म्हणाले.

"मला उठवत न्हाई."

बंड म्हणून बोलले नाही. खरंच उठवत नव्हतं. पण बोलले आणि कळलं, हे वाक्य जन्मात माझ्या तोंडून निघालं नव्हतं. मालक बघत उभे राहिले. मला उठवायला त्यांचा हात काही पुढं आला नाही.

आतून आक्कासाहेबांचा रडवेला आवाज आला, "आगं, मग मला न्हाऊ कोण घालणार?"

त्यांची कीव मला रोजच यायची. त्या दिवशी पहिल्यांदा माझीच मला आली.

बऱ्याच वेळानं आपली आपण उठले आणि घरी आले. लेकी सासरी. घरात दांडी नाही, अंडं नाही, धरायला माणूस नाही. उद्या माझं कोण करणार, मला ठाऊक नाही. सकाळी मालक स्वतः दारात आले.

"चल की. तुझ्याबिगर कोण हाय? काटक हायस तू."

"मी काटक न्हाई. थकलीया मी."

आता कुणीही बोलवायला आलं तरी हेच सांगणार. पडायचंच असेल तर माझ्या उंबऱ्यात पडेन. दुसऱ्याला उचलताना पडणार नाही.