मदिनाचा अंगठा

बेगडेवाडी स्टेशनाजवळचे रूळ ओलांडून दहा मिनिटं चाललं, की पंपांच्या रबरी रिंगा बनवणारी ती कंपनी लागायची. मदिना तिथे एकोणीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसली. रिंग डाव्या हातात धरायची, उजवा अंगठा आतल्या कडेवरून एकदा फिरवायचा. चांगली असेल तर उजव्या क्रेटमध्ये, खराब असेल तर डाव्या. डोळे फक्त नावाला उघडे.

साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला रबराची केसाएवढी तार उरते. ट्रिमिंगच्या बायका ती ब्लेडने कापतात. कापायची राहिली, तर तिला सगळी कंपनी ‘मिशी’ म्हणायची. मिशी राहिली की पंप गळणार. मदिनाच्या अंगठ्याखालून मिशी कधी सुटली नाही. घरी लेक अम्मारा नवा कुर्ता घेऊन आली, तरी मदिनाचा अंगठा आधी शिवणीवरून फिरायचा.

“अम्मी, कुर्ता हाय तो. पास कर की!” अम्मारा हसायची.

नवरा गुलजार पूर्वी तुंगार्लीच्या बंगल्यांवर पाहुण्यांना जीपने ने-आण करायचा. मग त्याच्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि ते मदिनाच्या नोकरीच्या ईएसआय म्हणजे कामगार विम्याच्या कार्डावर. मदिना नोकरीवर जात होती ती पगारासाठी कमी आणि त्या कार्डासाठी जास्त.

तर अशा घरातल्या बाईच्या टेबलावर एके दिवशी कॅमेरा आला.

“मावशी, तुम्ही जे ओळखता ते हा ओळखणार,” सार्थक म्हणाला. सार्थक म्हणजे कंपनीतला नवा इंजिनीअर, तळेगावचाच, बोलायला गोड.

“मग मी काय करू? भजी तळू?”

“तुम्ही त्याला शिकवायचं. रिंग कॅमेऱ्याखाली ठेवायची, चांगली असेल तर हिरवं बटण, खराब असेल तर लाल. प्रत्येक वेळी तो फोटो घेतो. दोन-तीन महिन्यांत शिकेल.”

तपासणीला आठ बायका होत्या. मशीन शिकलं की त्यातली एकच राहणार, मशीनवर लक्ष ठेवायला. ती कोण, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरची राजेश्वरी तेवढी म्हणाली, “शिकव बाई, शिकव. सवतीला हातानं न्हाऊ घाल, वेणी घाल.”

मदिनाला ते कार्ड दिसत होतं.

रिंग ठेवायची बैठक सार्थकने आपल्या प्रिंटरवर बनवली. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर रचत ते यंत्र वस्तू उभी करायचं. सकाळी सांगितलेली दुपारी हातात. पहिल्या बैठकीत रिंग घट्ट बसली. दुसरीत बरी बसली, पण मदिना म्हणाली, “ह्यात माझा अंगठा कुटं जानार?” सार्थकने तिच्या अंगठ्याचं माप घेतलं, सोनार घेतो तसं, आणि तिसऱ्या बैठकीला एका बाजूने खाच ठेवली. मदिनाचा अंगठा त्यात असा बसला, की तिला दिवसभर उगीच बरं वाटत राहिलं. एकोणीस वर्षांत कंपनीने तिच्या मापाचं काही केलं नव्हतं. हातमोजेसुद्धा पुरुषी मापाचे होते.

त्याच दिवसांत ट्रिमिंगच्या सारिकाला सातवा लागला होता. औंढ्याची पोर, आधीचं एक पोट पडलेलं. स्टुलावर बसलं की पोट आडवं यायचं, हात पुरायचा नाही, आणि दर क्रेटमध्ये चार-सहा मिश्या राहायच्या. खराब रिंगांचा, म्हणजे पिसांचा, आकडा ठरलेल्याच्या वर गेला, की सुपरवायझर बाईला घरी बसवायचा. मग बाळंतपणाची रजा कुठली नि काय कुठलं.

पण त्या कंपनीतल्या बायकांचा एक रिवाज होता. कुठे लिहिलेला नव्हता, तरी मोडलेला नव्हता. पोटुशी बाईचा पीस परत पाठवायचा नाही. ज्या टेबलावर येईल, त्या टेबलवालीने तो आपणच कापून घ्यायचा. तपासणीच्या टेबलावर ब्लेड ठेवायला सक्त मनाई, म्हणून प्रत्येकीच्या अ‍ॅप्रनच्या दुमडीत अर्धं ब्लेड असायचं. अम्माराच्या वेळी मदिनाच्या मिश्याही अशाच कुणीतरी कापल्या होत्या, तेव्हा ती ट्रिमिंगला होती.

सारिकाचा क्रेट मदिनाकडे यायचा. अंगठ्याला मिशी लागायची. लाल दाबलं, तर तो पीस सारिकाच्या नावावर मोजला जाणार. मदिना हिरवं दाबायची, रिंग उचलायची, टेबलाखाली मिशी कापायची आणि उजव्या क्रेटमध्ये टाकायची. माल बाहेर जायचा तो निर्दोषच. दुसऱ्या कुणाचा क्रेट आला आणि मिशी लागली, की लाल. दोन महिने असं चाललं.

कॅमेऱ्याने फोटो घेतला तो बटण दाबताना. टेबलाखाली त्याला डोळे नव्हते.

सारिकाला मुलगी झाली. कंपनीत पेढे आले. त्याच आठवड्यात मशीन एकटं चालायला लागलं आणि सात बायका गेल्या. राजेश्वरीने जाताना आपला डबा, चपला, अ‍ॅप्रनमधलं अर्धं ब्लेडसुद्धा पिशवीत भरलं. “सुखानं नांदा दोघी,” म्हणाली, आणि मदिनाकडे न बघता गेली.

मग रिंग उचलून ठेवायला यंत्राचा हात बसला. त्याच्यासाठी सार्थकने नवी बैठक छापली. तिला खाच नव्हती. जुनी भंगाराच्या डब्यात पडलेली मदिनाने उचलली आणि घरी नेली. गुलजारने त्या बैठकीवर साबणाची वडी ठेवली.

दीड महिन्याने गिऱ्हाइकाकडून माल परत आला. पंप गळत होते.

सार्थकने तिला खोलीत बोलावलं. पडद्यावर मदिनाने हिरवं दिलेले फोटो होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात तिचा टोकन नंबर. “मावशी, ही मिशी बघा. ही पण. स्पष्ट दिसतेय. तुम्ही ओके दिलंय. आणि अशाच दुसऱ्या पिसाला लाल. मशीनला वाटलं, मिशी असली तरी चालते. मला काही पद्धतच सापडत नाहीये.”

मदिनाला सापडली होती. प्रत्येक हिरवा फोटो तिला आठवत होता. एक वाक्य बोललं असतं, तर ती सुटली असती: पीस मी नंतर कापत होते, माझा अंगठा चुकला नाही. पण मग ब्लेडची गोष्ट निघाली असती, आणि ब्लेड कुणासाठी, हीसुद्धा. सारिका पुढच्या महिन्यात कामावर परत यायची होती.

“नजर गेली, साहेब,” ती म्हणाली.

“पण मावशी, तुमचं काम तर अंगठ्याचं.”

“अंगठ्यालाबी वय होतंच की.”

सार्थकने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं असेल. दुपारी त्याने मदिनाचे सगळे फोटो पुसले, आठवडाभर स्वतः बसून नवे दिले, आणि मशीन सुधारलं. एकोणीस वर्षांचं एका आठवड्यात भागलं. महिनाअखेर मदिनाच्या हातात कामावरून काढल्याची चिठ्ठी होती.

घरी येताना रुळांपाशी ती थांबली. गाडी जाईपर्यंत फाटकाच्या दांड्यावर अंगठा फिरवत राहिली. बोलायला हवं होतं, असं तिला तेव्हा वाटलं आणि नंतर रोज वाटत राहिलं. पोर दुसरीची, नवरा आपला! आपण कोण मोठ्या लागून गेलो?

पुढच्या महिन्यात सारिका दारात आली, पदराखाली बाळ घेऊन. रडून डोळे सुजलेले.

“ट्रिमिंगच बंद केलं, मावशी. नवं मशीन आणलंय. रिंगा बर्फावानी गोठवतं आन् गरागरा फिरवतं. मिशी आपोआप झडून पडती. एकबी बाई ठेवली न्हाई.”

मदिना उंबऱ्यातच उभी राहिली. सारिका पायरीवरच टेकली.

“तुमचं त्यातल्या त्यात बरं झालं,” सारिका म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. “तुमची चूक तरी निघाली. आमची तर चूकबी न्हाई. नुसतं ‘जा’ म्हणाले.”

मदिनाने बाळ घेतलं. सवयीने अंगठा त्याच्या कानाच्या कडेवरून फिरला, तेव्हा तिने हात आखडून घेतला आणि बाळ परत सारिकाच्या मांडीवर दिलं.

आतून गुलजारने विचारलं, “कोन आलंय गं? कार्डाचं काय कळलं का? किती दिस चालंल म्हनाले?”

“चा टाकते,” मदिना म्हणाली आणि हात धुवायला मोरीत गेली. साबणाची वडी त्या बैठकीच्या खाचेत चिकटून बसली होती. तिने ती अंगठ्याने उकरून काढली.