आठ बाइटांचा हट्ट

वाचनालयातले संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. आवाज बारीक, चष्मा नाकाच्या टोकाशी, आणि एकदा नाही म्हटलं की समोरच्याने कितीही डोकं आपटलं तरी नाहीच.

त्यांच्या ताब्यात एकोणीस जुने संगणक होते. लोक त्यांवर जुनी वर्तमानपत्रं धुंडाळत. दोन लाखांवर पानं, आणि प्रत्येक पानाची वेगळी फाइल. मग संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्या आवृत्तीचा आला आणि साधं एक नाव शोधायला घेतलं तरी यंत्रं धापा टाकू लागली.

"सोमवारी भंगारवाला येतोय," ग्रंथपालबाईंनी सांगून टाकलं. "म्हातारी झालीत ती, ताई."

"मीही झालेय. मला कुठे टाकताय?"

दुखणं ताईंनी दोन दिवसांत शोधलं. वापरात आलेल्या प्रत्येक फाइलचं एक टिपण कर्नल मेमरीत ठेवतो. नव्या आवृत्तीत ते टिपण वाढून एक हजार बत्तीस बाइटांचं झालं होतं. मेमरीचा एक कप्पा चार हजार शहाण्णव बाइटांचा. त्यात तीनच टिपणं मावत आणि हजार बाइट रिकामे पडून राहत; लाखो फाइलींपायी मेमरी संपून यंत्रं रखडत. टिपणातले आठ बाइट कमी केले, की कप्प्यात चार टिपणं चपखल बसणार होती. फक्त आठ!

ताईंनी मोजणीचे दोन आकडे अर्ध्या जागेत कोंबले आणि तो बदल कर्नल लिहिणाऱ्यांच्या सामायिक ईमेल-यादीवर पाठवला. त्या भागाची जबाबदारी एका जुन्या जाणत्या गृहस्थांकडे होती. ताईंच्या घरी राहणाऱ्या आत्या त्यांना 'तुझे सासरे' म्हणत, कारण काही केलं तरी त्यांचं समाधान होत नसे.

सासऱ्यांनी लगेच उत्तर दिलं, "आकडा भरला की पुन्हा शून्यावर येईल आणि कुणाची तरी फाइल बिघडेल. आणि आठ बाइटांसाठी एवढा खटाटोप कशाला? नवी यंत्रं घ्या."

पहिलं म्हणणं खरं होतं. ताईंनी निमूटपणे चूक कबूल केली. दुसरं मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

त्यांनी अख्खं टिपण पुन्हा ओळीने वाचलं. मधोमध आठ बाइटांचा एक रकाना सापडला. वीस वर्षांपूर्वी एक चूक पकडायला खुद्द सासऱ्यांनीच तो घातला होता. चूक तेव्हाच सापडली. त्यानंतर कर्नल तो रकाना इमानेइतबारे भरत होता, वाचत मात्र कुणीच नव्हतं.

"मग काढून टाक की," आत्या म्हणाल्या.

"त्यांनी स्वतः ठेवलाय गं."

"ठेवणाऱ्याला विचारून केर काढतात होय?"

ताईंनी बदल पाठवला. उत्तर आलं, "राहू दे. कधीतरी लागेल."

ताईंनी लिहिलं, "वीस वर्षांत लागला नाही. लागलाच तर मी स्वतः परत बसवून देईन. आज ती जागा माझ्या एकोणीस यंत्रांना हवी आहे."

सासऱ्यांनी बदल घेतला नाही. पण कर्नल सगळ्यांसाठी खुला असतो. आपल्या यंत्रावर तो हवा तसा बदलून चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. रविवारी ताईंनी आपला बदललेला कर्नल एकेक करत एकोणीसही यंत्रांवर चढवला.

सोमवारी गाडी दाराशी लागली. ताईंनी ग्रंथपालबाईंना सगळ्यात रडक्या यंत्रापुढे बसवलं.

"शोधा कुठलंही नाव. आणि थांबू नका."

बाईंनी एक नाव शोधलं, मग दुसरं, मग आठवतील तेवढी. यंत्र अडखळत होतं, पण बसलं नाही. पंधरा मिनिटांनी भंगारवाल्याने आत डोकं घातलं.

"उचलू का?"

"थांब रे, वाचतेय," ग्रंथपालबाई मान न वळवता म्हणाल्या.

"तो मोडका पंखा घेऊन जा," ताई म्हणाल्या. "यांना हात लावायचा नाही."

सासऱ्यांनी अजून होकार दिलेला नाही. दर नव्या आवृत्तीत तो रकाना असतोच. ताई तो काढतात, बदललेला कर्नल एकोणीस यंत्रांवर चढवतात आणि त्या यंत्रांच्या वेगाचे आकडे जोडून बदल पुन्हा पाठवतात. परवा सहाव्यांदा पाठवला.

"थकत नाहीस का गं?" आत्यांनी विचारलं.

"थकू देत त्यांना," ताई म्हणाल्या.