ओल्या फरशीवरचा वायरमन

मानवतचा आमचा वायरमन भिंतीचा वास घेऊन आतल्या वायरीचं वय सांगतो. मी मिक्सरच्या सॉकेटात नवी इंडक्शन शेगडी लावलेली पाहून तो असा ओरडला, की तिकडं चुडावा स्टेशनात रेल्वेगाडी थांबली असेल.

"सर, घर जाळायलाव का? हिला जाड वायर, अलग लाईन, पक्की अर्थिंग पायजे!"

"आज जावई पहिल्यांदा जेवायला येणारेत हो," बायको कळवळली.

"म्हणूनच, वैनी."

दुपारपर्यंत त्यानं मीटरपासून नवी लाईन ओढली, अर्थिंगसाठी अंगणात पाताळ दिसेल एवढा खड्डा खणला. शेगडी चालू करून टेस्टर लावला. मग चपला काढून ओल्या फरशीवर उभा राहिला आणि शेगडीच्या पत्र्यावर आधी स्वतःचा हात टेकवला.

"या वैनी, टाका चहा."

त्याच्याबद्दल मी पुष्कळ थापा मारतो. हात टेकवल्याची गोष्ट तेवढी खरी हाय.