मुशीवरचं अर्धं गाणं

विट्याची माणसं सोनं आटवायला कुठं कुठं जाऊन बसतात, तसे माझे वडील दक्षिणेतल्या एका गावात तीस वर्षं गलाईचं दुकान मांडून बसले. दुकानाची मागची भिंत चर्चला लागून. रोज संध्याकाळी आत गाण्याचा सराव चाले आणि इकडे वडील भट्टीसमोर. घड्याळ बघायचं तर सोनं वितळत असलेल्या मुशीवरची नजर काढावी लागते, म्हणून ते त्यातल्या रोजच्या एका गाण्यावर वेळ मोजत. एका ठरावीक जागी चाल वर चढली की मूस उचलायची. शब्द एकही कळत नसे, पण चाल अंगात भिनली. सुट्टीवर घरी आले की त्याच चालीवर त्यांनी मला पाळण्यात झोपवलं.

आता दुकान बंद करून ते घरी आलेत. गेल्या महिन्यात भावाला मुलगी झाली. वडील पाळण्याजवळ गुणगुणायला लागले आणि बोलता बोलता ते चर्चचं गाणं असल्याचं सांगून बसले. आईनं तिथंच थांबवलं.

"आवं, ह्ये मर्तिकाचं असलं म्हंजी? कळल्याबिगर लेकराम्होरं म्हणायचं न्हाई."

"हिला ह्येच म्हणून निजवलं की," वडिलांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"तवा मला वाटायचं, तुमचंच कायतरी हाय."

वडिलांनी गाणं सोडलं. नातीजवळ बसत, पण तोंड मिटून. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त उत्सुकता वाटली. नाही त्या चौकशा करायची माझी खोड जुनीच. त्यांना परसात नेऊन ते गाणं मोबाइलवर भरून घेतलं आणि विश्रामबागेतलं माझं कॉलेज सुटल्यावर तिथल्याच एका चर्चमधल्या वृद्ध सिस्टरना गाठलं.

त्यांनी डोळे मिटून दोनदा ऐकलं. "लॅटिन आहे. कित्येक शतकांपूर्वीचं. एका संत बाईचं. ते चर्च तिच्याच नावाचं असणार, म्हणून रोज गात असतील."

"मर्तिकाचं नाही ना?"

"तिच्या मृत्यूच्या दिवशी गातात. पण त्या दिवसाला आम्ही तिचा जन्मदिवस म्हणतो."

आता हे आईला कसं सांगायचं, या विचारात मी पडले. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वडील इथंच का थांबले? शेवट राहिला की." आणि बारीक, थरथरत्या आवाजात त्यांनी उरलेलं गाऊन दाखवलं. तेही मी भरून घेतलं.

घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. आई पाळण्याची दोरी ओढत ऐकत होती. वडिलांचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. मोबाइल कानाशी धरून ते तो शेवट पुन्हा पुन्हा ऐकत होते.

"रोज भिंतीपल्याड ह्ये चाललेलं असायचं," ते म्हणाले, "आन् मी तवा सोनं वतत असायचो. कवा कानावर पडलंच न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. आईनं पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली.

"आता पुरं म्हणा."

ते गाऊ लागले. चाल वर चढली तिथं त्यांचा हात सवयीनं दोरी सोडून पुढं गेला. आईनं तो धरला आणि परत दोरीवर ठेवला.