ताटलीवरची सुरी

लेकीकडे ब्राझीलला राहत होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या आल्झिरा आजी सांबाची नाचरी गाणी गाताना चिनी मातीच्या ताटलीवर सुरी घासून ताल धरायच्या. तिकडच्या बायकांची ही जुनी रीत. खर्र खर्र, खर्र. माझी आई खवणीवर नारळ खवायची, तस्साच आवाज.

आजींची नात लुआना सांबामध्ये नवेनवे प्रयोग करते. तिनं आजींची ताटली रेकॉर्ड केली आणि लय इतकी संथ केली, की दोन खर्रच्या मधली जागा अंगणाएवढी झाली. एका दुपारी तिनं ते आम्हाला ऐकवलं. लेक शेजारी बसून मला मराठीत सांगत होती.

आजी वैतागल्या. "हा कसला सांबा? यावर पाऊल टाकायचं तरी कुठे?"

तेवढ्यात त्या मधल्या जागेत कुणीतरी श्वास घेतला. खोल, जरासा घरघरणारा.

आजी ओशाळल्या. "माझी धाप आहे ती. काढून टाक गं."

"आजी, तीच तर ठेवायचीय," लुआना म्हणाली.

आजी काही वेळ स्वतःचाच श्वास ऐकत राहिल्या. मग त्यांनी ताटली मांडीवर घेतली, सुरी उचलली आणि म्हणाल्या, "चालू ठेव."

आईची खवणी मला अजून ऐकू येते. मध्येच आई दमून थांबायची, तेव्हाचा तिचा श्वास मात्र काही केल्या आठवत नाही. आम्ही भावंडं तेव्हा खोबऱ्याकडे बघत असायचो.